नॉर्चा: मसूर, ट्रफल आणि भूकंपांच्या गावाला जाण्याआधी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इटलीची सहल म्हटली की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ठरलेलं. मध्य इटलीच्या डोंगरातलं नॉर्चा त्या यादीत सहसा नसतं आणि ज्यांच्या यादीत असतं ते दुपारचं जेवण करून संध्याकाळी रोमला परततात. गाव खाण्यासाठी नावाजलेलं आहे, त्यामुळे प्रश्नही बहुतेक ताटाबद्दलचेच येतात. पण इथलं ताट इथल्या डोंगरापासून, थंडीपासून आणि भूकंपांपासून वेगळं काढता येत नाही. म्हणून आधीच सांगते: नॉर्चाला निदान एक रात्र मुक्काम करा.

नॉर्चा नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

उम्ब्रिया प्रदेशात, पेरुजा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, सिबिल्लिनी पर्वतरांगेच्या पायथ्याशी. उंची सुमारे ६०० मीटर. वस्ती पाच हजारांच्या आत. गावाभोवती मध्ययुगीन तटबंदी आहे आणि तटाबाहेर सांता स्कोलास्तिका नावाचं सपाट पठार पसरलेलं आहे. तटाच्या आतलं गाव एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत आरामात पायी फिरून होतं. गाव जुनं, म्हणजे रोमनांच्याही आधीचं, साबाइन लोकांचं. रोमन काळात नाव होतं नुर्सिया. रोमविरुद्ध स्पेनमध्ये झुंजलेला सेनापती सर्तोरियस इथला आणि सम्राट वेस्पासियनची आईही याच गावच्या घराण्यातली.

एवढंसं गाव खाण्यासाठी इतकं प्रसिद्ध कसं झालं?

इटलीत कुठेही डुकराच्या मांसाचे मुरवलेले प्रकार विकणाऱ्या दुकानावर ‘नॉर्चिनेरिया’ अशी पाटी दिसते. ती पाटी या गावाच्या नावावरून आली. डुक्कर कापून त्याचं मांस मिठात मुरवणाऱ्या कसबी माणसाला ‘नॉर्चिनो’ म्हणतात, मग तो मूळचा कुठलाही असो.

त्यामागे डोंगरातल्या गरिबीचा इतिहास आहे. हिवाळ्यात इथे बर्फ पडतं, शेती थांबते. जंगलात ओकची फळं भरपूर, त्यावर डुकरं पोसली जात. थंड, कोरड्या हवेत मांस सडत नाही, सावकाश सुकतं. हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या घोटून झालं आणि मग पोटासाठी माणसं ते घेऊन बाहेर पडली. शरद संपता संपता नॉर्चाचे पुरुष रोमकडे, टस्कनीकडे जात, घरोघरी डुकरं कापून सॉसेज, हॅम, सलामी करून देत आणि वसंतात परत येत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये त्यांचा स्वतःचा धार्मिक संघ होता, इतकी त्यांची संख्या आणि पत वाढली होती. आज गावातल्या दुकानांसमोर उभे राहिलात की छताला लटकलेल्या मांड्या, काळ्या मिऱ्यांत घोळलेल्या सलामी आणि दारावर पेंढा भरलेली रानडुकराची मुंडकी दिसतात. ज्यांना असं पाहणं जड जातं त्यांनी आधीच मनाची तयारी ठेवावी. मुख्य रस्त्यावर ते चुकवता येत नाही.

इथले खाटीक शस्त्रक्रियाही करत, हे खरं का?

खरं, आणि मला नॉर्चाच्या इतिहासातली ही सगळ्यांत विलक्षण गोष्ट वाटते. नॉर्चाजवळच्या प्रेची या खेड्यात मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत शल्यकर्म करणारी घराणी होती. मूतखडा काढणं आणि मोतीबिंदू उतरवणं ही त्यांची खासियत. त्यांचं ज्ञान सान्त एउतित्सिओ या जवळच्या मठातून आलं, असं मानतात. मठातले साधू आजाऱ्यांवर उपचार करत, पण १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. विद्या गावातल्या गृहस्थांच्या हाती आली आणि बापाकडून मुलाकडे जात राहिली. सुरीवर हात बसलेला होता, प्राण्याच्या शरीराची आतली रचना ठाऊक होती. अशा डोंगरातून युरोपभर बोलावले जाणारे शल्यविशारद निघाले. प्रेची नॉर्चाहून गाडीने फार लांब नाही. मठाचं मात्र भूकंपात मोठं नुकसान झालं, तेव्हा आत जाता येतं का याची चौकशी आधी करा.

नॉर्चाचा प्रोश्युत्तो (मुरवलेलं हॅम) पार्माच्या हॅमपेक्षा वेगळा कसा?

पार्माचा गोडसर, मऊ. नॉर्चाचा खारट, ठसठशीत, थोडा मसालेदार. डुकराची मागची मांडी दोनदा मिठात ठेवतात, धुतात, टांगतात. उघड्या भागावर चरबी, पीठ आणि मिरी यांचा लेप देतात म्हणजे मांस आतून एकदम कोरडं पडत नाही. त्यानंतर ते मुरतं. किमान बारा महिने मुरल्याशिवाय त्याला ‘प्रोश्युत्तो दि नॉर्चा’ म्हणता येत नाही आणि तयार मांडी साडेआठ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. हे नियम युरोपीय महासंघाच्या भौगोलिक मानांकनाचे आहेत, ते १९९७मध्ये मिळालं. नॉर्चा, प्रेची, काशा, मॉन्तेलेओने दि स्पोलेतो आणि पोज्जोदोमो या पाच गावांच्या हद्दीत, ५०० मीटरपेक्षा उंचावर बनलेलाच माल या नावाने विकता येतो.

तो खायचा पातळ काप करून, उम्ब्रियाच्या पावाबरोबर. या पावात मीठ नसतं. पहिला घास अळणी लागेल, पाव बिघडलाय असं वाटेल. दुसरा घास हॅमसकट घ्या, मीठ का नाही ते जिभेला कळेल.

ट्रफल म्हणजे काय आणि त्यासाठी कधी जावं?

ट्रफल ही झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी आहे, अळंबीचीच नातेवाईक. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी तिची देवाणघेवाण चालते: झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते. जमिनीवर काहीच दिसत नाही, फक्त वास येतो, तोही माणसाला नाही. म्हणून कुत्रे. पूर्वी डुकरंही वापरत, पण डुकरं जमीन उकरून मुळं उद्ध्वस्त करतात. इटलीत १९८५च्या कायद्यापासून ट्रफल शोधायला प्रशिक्षित कुत्राच लागतो. शोधणाऱ्याकडे परवाना हवा, आणि खणलेला खड्डा पुन्हा बुजवणं त्याला बंधनकारक आहे.

नॉर्चाची खरी शान म्हणजे हिवाळी काळं ट्रफल. त्याचा हंगाम डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत ते सगळ्यांत पक्व आणि सुगंधी असतं. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला ‘नेरो नॉर्चा’ नावाचा ट्रफलचा बाजार भरतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्या फार आधी संपतात. उन्हाळ्यात स्कोर्त्सोने नावाचं ट्रफल मिळतं. बाहेरून काळंच, आतून फिकट तपकिरी, वास सौम्य, भाव बराच कमी. जुलैमध्ये ‘काळं ट्रफल’ म्हणून पानात येतं ते हेच. त्यात फसवणूक नाही, पण हिवाळ्याच्या अपेक्षेने जाऊ नका.

खायला सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्त्रांगोत्सी. ही हाताने कापलेली, जाडसर, चौकोनी काठाची शेवयांसारखी पास्ता. वर ऑलिव्ह तेलात जेमतेम कोमट केलेलं किसलेलं ट्रफल. शिजवलं की त्याचा वास उडतो, म्हणून आचारी त्याला आगीपासून जपतात.

ट्रफलचं तेल विकत घ्यावं का?

नको. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांत खऱ्या ट्रफलऐवजी प्रयोगशाळेत बनवलेलं सुगंधी रसायन असतं. त्याऐवजी मसूर घ्या. त्याबद्दल खाली.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. पण नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून निर्धास्त राहू नका, कारण इथे मांस आणि मासा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. चार जागा लक्षात ठेवा.

ट्रफलच्या सॉसमध्ये अँचोव्ही, म्हणजे खारवलेला छोटा मासा, वाटून घालायची उम्ब्रियात जुनी पद्धत आहे. तो दिसत नाही. मसुराच्या सूपमध्ये बऱ्याचदा सॉसेजचे तुकडे किंवा डुकराच्या गालाची चरबी असते. ‘आल्ला नॉर्चिना’ असं नाव असलेल्या कोणत्याही पदार्थात डुकराचं सॉसेज असणार हे धरूनच चाला. आणि चीज: पेकोरिनो, पार्मिजानो ही पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने लावतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पास्तावर चीज नको म्हणून सांगावं.

वाढणाऱ्याला इटालियनमध्ये सांगायला दोन शब्द पुरतात: ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, मांस नको, मासे नको. अँचोव्हीसाठी ‘सेन्त्सा अच्चूगे’. छोट्या गावातले लोक हे ऐकून नाराज होत नाहीत, आत जाऊन विचारून येतात.

आणि आता चांगली बाजू. स्त्रांगोत्सी पारंपरिक पद्धतीने फक्त पीठ आणि पाण्याची असते, अंडं नसतं (तरी विचारा, काही ठिकाणी घालतात). चुलीवर भाजलेला पाव, लसूण आणि हिरवं झणझणीत ऑलिव्ह तेल. रानातल्या पालेभाज्या. मसूर. आणि फारो. शेजारच्या मॉन्तेलेओनेचा फारो म्हणजे आपला खपली गहूच, वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकच जात. सांगली-कोल्हापूरकडच्या घरात खपलीची खीर खाल्लेल्या माणसाला फारोचं सूप परकं वाटणार नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मात्र अवघड आहे. त्यांनी स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी. मसूर, फारो, भाज्या, फळं सगळं गावात मिळतं.

मांसाहारी आहोत, पण डुक्कर खात नाही. मग?

मेंढीचं आणि कोकराचं मांस मुबलक आहे, विशेषतः निखाऱ्यावर भाजलेल्या फासळ्या. नेरा नदीच्या खोऱ्यातला ट्राउट मासा चांगला. सावध राहायचं ते ‘चिंग्याले’पासून: ते रानडुक्कर आहे. सलामी कशाची आहे हे प्रत्येक वेळी विचारा.

कास्तेल्लुच्चोच्या मसुरात असं काय आहे की लोक त्यासाठी डोंगर चढतात?

कास्तेल्लुच्चो हे नॉर्चाच्याच हद्दीतलं खेडं, १४५२ मीटरवर, एका टेकडीच्या माथ्यावर. खाली ‘पियानो ग्रांदे’ नावाचं विस्तीर्ण पठार, समोर २४७६ मीटर उंच मॉन्ते वेत्तोरे. तिथे मसूर पिकतो.

जात आपल्याच मसुराची. पण दाणा बारीक, आणि एकाच मुठीत पिवळा, हिरवा, तपकिरी, ठिपक्यांचा असे सगळे रंग. साल इतकी पातळ की भिजवायला लागत नाही. अर्ध्या तासात शिजतो आणि तरी दाणा फुटत नाही. बर्फ वितळल्यावर वसंतात पेरणी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात काढणी. एवढ्या उंचीवर हंगाम छोटा आणि उत्पन्न थोडं, म्हणून भाव आपल्या डोळ्यांना जास्त दिसतो. यालाही १९९७मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिशवीवर मानांकनाचं चिन्ह आणि कास्तेल्लुच्चोचं पूर्ण नाव बघूनच घ्या.

नुसत्या पाण्यात तमालपत्र आणि लसूण घालून शिजवायचा, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. फोडणी नाही, हळद नाही. रोज आमटी खाणाऱ्या मराठी माणसाने हा मसूर आधी असा एकदा खावा. घरी नेल्यावर फोडणी आहेच.

फुलांचा बहर नेमका कधी असतो?

मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. ऐन बहर बहुतेक वर्षी जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा पहिला आठवडा, पण तारीख बर्फावर आणि पावसावर ठरते. महिनाभर आधी कुणी पक्की तारीख सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

हा बहर मुद्दाम लावलेल्या फुलांचा नाही. मसुराच्या शेतात उगवणारं तण म्हणजेच ही फुलं: लाल पॉपी, निळी कॉर्नफ्लॉवर, पिवळी मोहरी. तणनाशक न मारता, पीक आलटून-पालटून घेत शेती चालू राहिली म्हणून ती टिकली. म्हणजे तुम्ही ज्या रंगांचे फोटो काढायला जाता ते कुणाच्या तरी चालू पिकात उभे आहेत. शेतात पाऊल टाकू नका. फोटोसाठी मसूर तुडवणारे पर्यटक ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी व्यथा आहे. पायवाटांवरूनही सगळं दिसतं. हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, तेव्हा ड्रोन घरी ठेवा.

बहराच्या शनिवार-रविवारी गाड्यांवर निर्बंध असतात आणि वाहनतळापासून बसने जावं लागतं. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा, आणि सकाळी सातच्या आत वर पोहोचा. पठारावर धुकं साचलेलं असतं आणि कास्तेल्लुच्चो त्याच्यावर तरंगताना दिसतं. पलीकडच्या उतारावर इटलीच्या नकाशाच्या आकारात लावलेलं झाडांचं वनही दिसेल. लहान मुलांना ते शोधायला सांगा.

२०१६च्या भूकंपात नॉर्चाचं काय झालं?

त्या वर्षी मध्य इटलीत धक्क्यांची मालिकाच झाली. २४ ऑगस्टला शेजारच्या आमात्रिचेचा चक्काचूर झाला आणि त्या परिसरात २९९ माणसं गेली. नॉर्चा तेव्हा हललं, भेगाळलं, पण उभं राहिलं. २६ ऑक्टोबरला पुन्हा धक्के बसले. आणि ३० ऑक्टोबरला, रविवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी, ६.५ तीव्रतेचा धक्का आला, नॉर्चाच्या अगदी जवळ. १९८०नंतर इटलीतला हा सगळ्यांत मोठा भूकंप. याच गावात जन्मलेल्या संत बेनेडिक्टची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, कोसळली, फक्त दर्शनी भिंत उभी राहिली. गावातली इतर चर्चही पडली. कास्तेल्लुच्चो जवळजवळ संपलं.

पण त्या सकाळच्या धक्क्यात नॉर्चात एकही माणूस दगावला नाही. आधीच्या धक्क्यांनंतर अनेकांनी घरं सोडली होती, हे एक कारण. दुसरं कारण दीडशे वर्षं जुनं आहे. १८५९च्या भूकंपाने गाव उद्ध्वस्त केल्यावर पोपच्या राज्याने १८६०मध्ये इथे बांधकामाचा नियम केला: घराची उंची साडेआठ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोनच मजले; भिंतींच्या जाडीचे आणि बांधणीचेही नियम. युरोपातल्या सुरुवातीच्या भूकंपरोधक बांधकाम नियमांत त्याची गणना होते. पुढे १९७९ आणि १९९७च्या भूकंपांनंतर घरं आणखी मजबूत केली गेली. चर्च पडली, घरांनी माणसांना वाचवलं.

गावातून चालताना घरांच्या खालच्या बाजू बघा. भिंती तळाशी बाहेर उताराने रुंद होत गेलेल्या दिसतील. तो आधार आहे, शोभा नाही. दगड-मातीच्या जड भिंती भूकंपात काय करतात हे १९९३चं किल्लारी पाहिलेल्या मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून मला वाटतं, बॅसिलिकेइतकाच वेळ या साध्या दुमजली घरांना द्यावा.

आता जाणं सुरक्षित आहे का? सगळं पडलेलंच आहे का?

गाव चालू आहे. दुकानं, खानावळी, हॉटेलं आहेत. संत बेनेडिक्टची बॅसिलिका नव्याने बांधून ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा उघडली. त्याच वेळी क्रेन, परांच्या, आधार दिलेल्या भिंती आणि बंद गल्ल्याही दिसतील. कास्तेल्लुच्चोची बांधणी तर फारच मागे आहे. ‘बंद’ लिहिलेल्या पट्टीपलीकडे फोटोसाठी जाऊ नका.

हा भूकंपप्रवण प्रदेश आहे आणि राहणार. मुक्कामाच्या जागी बाहेर पडायचा मार्ग बघून ठेवा, जमीन हलली तर मजबूत टेबलाखाली थांबा, हलणं थांबल्यावर मोकळ्या जागेत या, लिफ्ट वापरू नका. आपत्कालीन क्रमांक ११२.

आणि हेही सांगते: भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षं तात्पुरत्या लाकडी घरांत काढली आणि दुकानं तटाबाहेरच्या शेडमध्ये चालवली. गाव सोडून जाणं सोपं होतं. ते राहिले. तुम्ही इथे एक रात्र राहता, सकाळचा नाश्ता इथल्या बेकरीत करता, मसूर इथल्या शेतकऱ्याकडून घेता, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो. रोमहून बसने येऊन दोन तासांत निघून जाण्यात तो होत नाही.

जेवण सोडून गावात काय बघायचं?

पोर्ता रोमाना या वेशीतून आत शिरा, कोर्सो सर्तोरियो या मुख्य रस्त्याने सरळ चाला, तुम्ही संत बेनेडिक्ट चौकात पोहोचता. मधोमध संताचा पुतळा, एका बाजूला बॅसिलिका, समोर ‘कास्तेल्लिना’ हा चौकोनी किल्ला. तो १५५४मध्ये विन्योला या वास्तुविशारदाने पोपच्या प्रतिनिधीसाठी बांधायला घेतला. एवढ्या छोट्या चौकात इतका करडा किल्ला का, असं वाटेल. नॉर्चाचे लोक पोपच्या सत्तेला सहज जुमानत नसत, हे त्याचं उत्तर.

तटाबाहेर पश्चिमेला ‘मार्चिते’ नावाची ओली कुरणं आहेत. झऱ्यांचं पाणी पाटांनी खेळवून ठेवलेलं, त्यामुळे हिवाळ्यातही गवत हिरवं. ही रचना बेनेडिक्टाइन साधूंनी केली असं परंपरा सांगते. जेवणानंतर चालायला याहून चांगली जागा नाही.

संत बेनेडिक्ट आणि हे गाव, संबंध काय?

ते इथे जन्मले, साधारण इ.स. ४८०मध्ये. जुळी बहीण स्कोलास्तिका, तीही संत. बॅसिलिकेच्या तळघरातल्या रोमनकालीन अवशेषांना परंपरेने त्यांचं घर मानतात. बेनेडिक्टनी पुढे मॉन्तेकास्सिनोला मठ काढला आणि मठातल्या जगण्याची नियमावली लिहिली: प्रार्थना, वाचन, हाताने काम, पाहुण्याचं स्वागत. पश्चिम युरोपातले मठ शतकानुशतकं तिच्यावर चालले. १९६४मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना युरोपचे संरक्षक संत घोषित केलं. गावात त्यांचा मोठा सण २१ मार्चला.

नेपोलियनच्या काळात बंद पडलेला मठ २००० साली पुन्हा सुरू झाला. भूकंपानंतर साधू गावाबाहेरच्या डोंगरउतारावर गेले आणि आज त्यांचा मठ तिथेच आहे. लॅटिन स्तोत्रगायन ऐकायला बाहेरच्यांना जाता येतं. अंग झाकणारे कपडे, फोन बंद, गप्पा नाहीत. हे साधू २०१२पासून बिअरही बनवतात, ‘बिर्रा नुर्सिया’ नावाने.

रोमहून कसं पोहोचायचं?

रेल्वे नॉर्चापर्यंत जात नाही. रोमहून स्पोलेतोपर्यंत रेल्वे, साधारण दीड तास. स्पोलेतो स्टेशनवरून बस, तासाभराची. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघा. स्पोलेतो-नॉर्चा अशी अरुंद मापाची रेल्वे १९२६ ते १९६८ धावत होती. तिच्या मार्गावर आता बोगदे आणि पुलांवरून सायकलने जाता येतं. बोगद्यांत दिवा लागतो, जॅकेटही.

गाडी भाड्याने घेतली तर कास्तेल्लुच्चो आणि खेडी सोपी होतात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो आपल्या आरटीओतून निघतो. इटलीतल्या जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते. तटाबाहेर लावा आणि चालत आत या. हिवाळ्यात या रस्त्यांवर बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात, गाडी घेतानाच विचारा.

व्हिसा?

शेंगेन. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच उशीर लागतो, म्हणून लवकर हालचाल करा.

जेवणाच्या वेळा आणि रीत?

दुपारी साधारण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. मुलं किंवा मधुमेही बरोबर असतील तर पाव, फळं, चीज जवळ ठेवा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लागते, ती रीतच आहे. ट्रफलच्या पदार्थाची किंमत वजनावर असेल तर आधी विचारून घ्या.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का?

हो. गावाचा मधला भाग बराच सपाट आहे, डोंगरी इटालियन गावांत हे दुर्मीळ. त्रास होईल तो थंडीचा आणि घाटाच्या वळणांचा. जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो.

एक दिवस जास्त असेल तर कुठे जावं?

काशाला. अठरा-वीस किलोमीटरवर, संत रीता यांचं गाव. संसार, विधवापण आणि मग मठ असं आयुष्य गेलेली ही पंधराव्या शतकातली स्त्री अशक्य वाटणाऱ्या अडचणींत धावून येणारी संत मानली जाते. गोव्यात मायणा-कुडतरीला त्यांच्याच नावाचं चर्च आहे. तिथल्या भाविकांसाठी काशा म्हणजे मूळ स्थान. २२ मेला त्यांचा सण, गुलाबांनी भरलेला आणि तुडुंब गर्दीचा. काशात केशरही पिकतं आणि ‘रोवेया’ नावाचा गडद रंगाचा जुना रानवाटाणाही, ज्याच्या पिठाची लापशी करतात.

चालण्याची आवड असेल तर सिबिल्लिनीच्या वाटा आहेत. वेत्तोरेच्या कुशीत, सुमारे १९४० मीटरवर पिलातो तळं आहे. त्यात जगात इतरत्र न आढळणारा एक इवलासा लालसर कवचधारी जीव राहतो. त्याची अंडी काठच्या दगडगोट्यांत असतात, म्हणून पाण्यात तर नाहीच, पण काठावरही पाय ठेवू नका.

घरी काय आणता येईल?

मांस आणू नका. भारतात मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय आणता येत नाहीत, हवाबंद पाकिटातलेही नाहीत. प्रोश्युत्तो तिथेच खा, दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी पावात घालून घ्या. ताजं ट्रफल काही दिवसांतच वास गमावतं, तेही तिथेच. मसूर आणि फारो कंपनीच्या सीलबंद पाकिटात, मूळ लेबलासह घ्या आणि कस्टम्सला जाहीर करा. मध आणि चॉकलेटही घेण्यासारखं आहे. दुकानदार चव बघायला देतात. दोन-तीन ठिकाणी चाखून मग एका ठिकाणी घ्या, शक्यतो सकाळी, दुपारच्या बसगाड्या यायच्या आत, म्हणजे त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.